सुट्या भागांच्या जुळणीची कथा

मोटारीचा एखादा भाग निकामी झाला आणि नवा भाग मिळेना किंवा परवडेना, म्हणजे मालकाचे पाय जुन्या बाजाराकडे वळतात. अशा वेळीं जाणता मिस्त्री त्याला एकच गोष्ट बजावून सांगतो, ती म्हणजे जातांना मोडका भाग बरोबर घेऊन जाण्याची. नुसतें गाडीचें नांव सांगून भागत नाहीं. दुकानदाराच्या शब्दावर भागत नाहीं. डोळ्यांनीं अदमास घेऊनहि भागत नाहीं. दोन्ही भाग शेजारीं ठेवून, मापाला माप लावून पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत, असा त्या उपदेशाचा अर्थ आहे. मुंबईंत कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावर किंवा चोर बाजाराच्या गल्ल्यांत, वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेला तेलकट पंप हातांत घेऊन दुकानें पालथीं घालणारा माणूस दिसतो, तो हाच उपदेश पाळीत असतो.

या साध्या व्यवहाराच्या पोटीं एक फार मोठी अपेक्षा दडलेली आहे. एका गाडींतून काढलेला भाग, जिच्याशीं त्याचा पूर्वीं कधींहि संबंध आला नाहीं अशा दुसऱ्या गाडींत जाऊन बिनचूक बसेल, असें गिऱ्हाईक व दुकानदार दोघेहि गृहीत धरून चालतात. अडीचशें वर्षांपूर्वींच्या कारागिराला ही अपेक्षा वेडगळपणाची वाटली असती. त्याच्या हातचीं दोन घड्याळें किंवा दोन कुलुपें दिसण्यांत सारखीं असत. पण एका कुलुपाची कळ दुसऱ्यांत बसत नसे. प्रत्येक भाग शेजारच्या भागाशीं कानशीनें घांसून जुळविलेला असे. ती जुळणी त्या दोन भागांपुरतीच असे. त्यांच्याबाहेरच्या कोणत्याहि मापाशीं तिचा संबंध नव्हता. मापाचें हें राज्य कसें आलें, तें कोठवर पोंचलें आणि कोठें अडलें, याचा इतिहास पाहिला म्हणजे जुन्या बाजारांत मोडका भाग बरोबर कां न्यावा लागतो, हें आपोआप उलगडतें.

हा इतिहास मोटारीपासून नव्हे, तर बंदुकीपासून सुरू होतो. अठराव्या शतकांतील सैन्याला सर्वांत अधिक त्रास होई तो बंदुकीच्या चापयंत्राचा, म्हणजे ठिणगी पाडून बार उडविणाऱ्या कळीचा. तिच्यांतील एक लहानशी स्प्रिंग मोडली कीं सबंध बंदूक लाकडाच्या दांडक्याच्या मोलाची होई. शेजारीं दुसरी मोडकी बंदूक पडली असली आणि तिची स्प्रिंग शाबूत असली, तरी ती पहिलींत बसत नसे. कुशल लोहार येऊन घासाघीस करील तेव्हांच काम व्हावयाचें. फ्रान्समधील ऑनोरे ब्लांक नांवाच्या शस्त्रकारानें या दुखण्यावर उपाय शोधला. चापयंत्राचा प्रत्येक भाग ठराविक साचांत आणि ठराविक मापाला उतरवून करावयाचा, म्हणजे कोणताहि भाग कोणत्याहि यंत्रांत बसेल, असा तो उपाय होता. १७८५ सालीं टॉमस जेफर्सन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिस येथें होते. ब्लांकनें त्यांच्यापुढें पन्नास चापयंत्रें सुटीं करून त्यांचे भाग वेगवेगळ्या खणांत मांडले. जेफर्सन यांनीं हाताला येतील ते भाग उचलून स्वतः कांहीं यंत्रें जोडलीं आणि तीं उत्तम जुळलीं. ही हकीकत त्यांनीं त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत स्वदेशीं कळविली. पुढें फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमींत हा उद्योग मागें पडला. त्याचें पोषण झालें तें अमेरिकेंत.

तेथें मात्र प्रथम जें घडलें, त्याला इतिहासांत बराच काळ चुकीचें नांव मिळालें होतें. कापसाची सरकी काढण्याच्या यंत्रामुळें प्रसिद्धीस आलेले एलाय व्हिटनी यांनीं १७९८ सालीं अमेरिकन सरकारला दहा हजार बंदुका दोन वर्षांत करून देण्याचा करार केला. मुदत टळली तरी बंदुका तयार होईनात. तेव्हां १८०१ सालीं त्यांनीं राजधानींत थोर मंडळींसमोर एक प्रयोग करून दाखविला. निरनिराळे सुटे भाग उचलून ते बंदुकींत बसवून दाखविले आणि पाहणारे थक्क झाले. करार पुरा होण्यास १८०९ साल उजाडलें. तरी अदलाबदलीच्या तत्त्वाचे जनक म्हणून व्हिटनी यांचें नांव शंभर-दीडशें वर्षें पाठ्यपुस्तकांतून गाजत राहिलें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संशोधकांनीं त्यांच्या कारखान्यांतील शिल्लक राहिलेल्या बंदुका उघडून मोजून पाहिल्या, तेव्हां निराळाच प्रकार दिसून आला. एका बंदुकीचे भाग दुसरींत बसत नव्हते. कांहीं भागांवर तर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा याच्या खुणा कोरलेल्या होत्या. भाग खरोखरच कोठेंहि बसणारे असते, तर अशा खुणांची गरज काय होती? १८०१ चा प्रयोग आधींच जुळवून ठेवलेल्या निवडक भागांवर झाला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. दुकानदारानें निवडून पुढें केलेला भाग दुकानांत बसला, एवढ्यावरून तो सर्वत्र बसेल असें मानूं नये, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

खरें काम एका कमी प्रसिद्ध माणसाच्या हातून झालें. जॉन हॉल या शोधकाला मागील बाजूनें बार भरण्याच्या आपल्या बंदुका करण्यासाठीं १८१९ सालीं हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेंत जागा मिळाली. त्यांनीं प्रत्येक भागासाठीं पोलादी मापकांचा संच बनविला. एका भागाचीं सर्व मापें एकाच नियोजित बिंदूपासून घ्यावयाचीं, म्हणजे एका मापांतील चूक पुढच्या मापांत मिळून वाढत जात नाहीं, ही सूक्ष्म गोष्ट त्यांनीं ओळखली. सरकारी तपासनिसांनीं त्यांच्या बंदुका सुट्या करून, भाग एकमेकांत मिसळून पुन्हां जोडल्या आणि १८२७ सालीं अनुकूल अहवाल दिला. याहून मोठी कसोटी पुढेंच होती. कनेक्टिकट प्रांतांतील सिमियन नॉर्थ यांना त्याच जातीच्या बंदुका आपल्या कारखान्यांत करण्याचें काम मिळालें. अट अशी कीं त्यांचे भाग शेंकडों मैल दूर असलेल्या हार्पर्स फेरीच्या बंदुकींत बसले पाहिजेत. १८३४ सालीं ही अट पुरी झाली. दोन कारखान्यांतील दोन अनोळखी कामगारांनीं केलेले भाग एकमेकांत बसले, याचें कारण दोघांच्या हातीं सारखीं मापकें होतीं. आज कोणी दुसऱ्या कारखान्याचा भाग आपल्या गाडीला लावूं पाहतो, तेव्हां त्याची सारी भिस्त या एका गोष्टीवर असते.

बंदुकीचा भाग कितीहि नेमका झाला, तरी त्याला जागेवर धरून ठेवतो तो स्क्रू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमध्यें प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एका कारखान्याचा बोल्ट हरवला, तर दुसऱ्याचा नट निरुपयोगी होई. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ सालीं आट्यांची एक समान पद्धति सुचविली. आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टाला इंचामागें किती आटे असावेत याचें कोष्टक, असें तिचें स्वरूप होतें. इंग्लंडच्या रेल्वेनें व कारखानदारांनीं ती उचलली आणि इंग्रजी यंत्रांबरोबर ती हिंदुस्थानांतहि आली. मात्र अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं १८६४ सालीं निराळी पद्धति मांडली. तिचा कोन ६० अंशांचा होता आणि आट्याचीं टोकें गोल नसून सपाट होतीं. युरोप खंडानें १८९८ सालीं झुरिक येथें मिलिमीटरवर आधारलेली तिसरी पद्धति मान्य केली.

या तीन पद्धतींचा घोळ पुढें मोटारीच्या वांट्यास आला. अर्धा इंच जाडीच्या बोल्टाला व्हिटवर्थच्या कोष्टकांत इंचामागें १२ आटे आहेत, तर अमेरिकन कोष्टकांत १३. असा नट चुकीच्या बोल्टावर थोडा फिरून अडकतो. फसवणूक लगेच उघडकीस येते. परंतु पाव इंचाच्या बोल्टाला दोन्ही कोष्टकांत २० च आटे आहेत. तेथें परका नट खुशाल शेवटपर्यंत फिरतो, हाताला घट्टहि लागतो. मात्र कोन निराळा असल्यामुळें आट्यांचीं अंगें एकमेकांना पुरतीं टेकत नाहींत. जो भाग मुळींच बसत नाहीं, त्यानें फार तर एक फेरी वाया जाते. बसल्यासारखा वाटून जो प्रत्यक्षांत बसलेला नसतो, त्यानें प्राणावर बेतूं शकतें.

असें बेतणें म्हणजे काय, हें १९०४ सालीं एका सबंध शहरानें अनुभवलें. त्या वर्षीं ७ फेब्रुवारीस अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून आगीचे बंब आगगाडीनें धांवून आले. माणसें होतीं, बंब होते, पाणी होतें. पण बाहेरगांवच्या रबरी नळ्यांचीं तोंडें बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना लागेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे व जाडी वेगळी. मदतीस आलेल्या कित्येक बंबांचा त्यामुळें पुरता उपयोग होऊं शकला नाहीं. दोन दिवसांत दीड हजारांहून अधिक इमारती जळून गेल्या. आगीची व्याप्ति केवळ याच कारणानें वाढली असें म्हणतां येणार नाहीं. तथापि नळ्यांच्या आट्यांची जुळणी ही कारकुनी बाब नसून सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हें त्या आगीनें अमेरिकेला पटविलें.

याच सुमारास मोटारीचा धंदा बाल्यावस्थेंत होता आणि त्यांतील बहुतेक गाड्या अजून जुन्याच रीतीनें, कानशीच्या जोरावर, जुळविल्या जात होत्या. अशा वेळीं डेट्रॉइट येथील हेन्री लेलँड या गृहस्थांनीं बंदुकीच्या कारखान्यांतील शिस्त मोटारींत आणली. तरुणपणीं ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत कामास होते; पुढें सूक्ष्म मापाचीं हत्यारें बनविणाऱ्या ब्राउन अँड शार्प या कारखान्यांत त्यांनीं बरीच वर्षें काढलीं. त्यांच्या कॅडिलॅक गाडीची परीक्षा इंग्लंडमध्यें रॉयल ऑटोमोबाइल क्लबनें १९०८ सालीं घेतली. लंडनच्या विक्रेत्याकडे असलेल्या गाड्यांपैकीं तीन गाड्या निवडून त्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या रस्त्यावर चालविण्यांत आल्या. नंतर तिन्ही गाड्या पार सुट्या करण्यांत आल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग होते. ते सर्व एका ढिगांत मिसळले. त्यांतील ८९ भाग बाजूला काढून त्यांऐवजीं विक्रेत्याच्या कोठारांतील भाग घालण्यांत आले. मग त्या ढिगांतून, केवळ पाने, पेंचकस असल्या साध्या हत्यारांनीं, तीन गाड्या उभ्या करण्यांत आल्या. कानस वापरण्यास मनाई होती. जोडून झालेल्या गाड्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले होते. पण इंजिनें सुरू झालीं आणि तिन्ही गाड्या पुढें पांचशें मैल धांवल्या. या यशाबद्दल कॅडिलॅकला क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. व्हिटनी यांच्या प्रयोगाशीं याची तुलना करून पाहण्याजोगी आहे. तेथें भाग निवडले होते ते विकणाऱ्यानें. येथें ते निवडले परीक्षकानें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी बाजारांत आली. १९२७ सालीं ती बंद होईपर्यंत तिच्या दीड कोटीच्या आसपास प्रती निघाल्या. १९१३ सालीं फोर्ड यांनीं सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्यास प्रारंभ केला आणि एक सांगाडा जोडण्यास लागणारा साडेबारा तासांचा वेळ सुमारें दीड तासावर आला. यांतील मर्म असें कीं, पट्टा सरकत असतां कानस चालविण्यास कोणाला सवडच नसते. भाग प्रथमच बसला पाहिजे. तेव्हां नेमकेपणा ही हौस राहिली नाहीं. ती कारखान्याची जीवनावश्यक गरज बनली. मोडतोडीस निघालेल्या गाडीचा भाग काढून दुसरीला लावण्याचा धंदा जगभर उभा राहिला, तो या शिस्तीच्या पायावर.

परंतु फोर्डचीच गाडी घेऊन या धंद्यांतील पहिली अडचणहि दाखवितां येते. एकोणीस वर्षें एकाच नांवानें विकल्या गेलेल्या त्या गाडींत हळूहळू पुष्कळ बदल झाले. अगदीं आरंभीच्या सुमारें अडीच हजार गाड्यांत पाणी खेळविण्यासाठीं पंप होता. पुढील गाड्यांत तो काढून टाकण्यांत आला, आणि इंजिनाचा ठोकळाहि त्याप्रमाणें बदलला. म्हणजे गाडीचें नांव एक, वर्षहि जवळ जवळ तेंच, आणि तरी भाग निराळा. १९२० नंतरच्या काळांत जनरल मोटर्सनें दर वर्षीं नवा नमुना काढण्याची प्रथा पाडली, तेव्हां हा गुंता दसपट झाला. उलट, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या नांवांच्या गाड्यांत आंतले पुष्कळसे भाग सारखेच असत. अमेरिकेंतील मोडीच्या गाड्यांचे व्यापारी कोणता भाग कोणकोणत्या गाड्यांना चालतो हें अनुभवानें पाठ करीत. १९३४ सालापासून हें ज्ञान हॉलंडर या नांवाच्या संदर्भग्रंथांतून छापून मिळूं लागलें. त्यांत भागाला एक क्रमांक असे आणि त्या क्रमांकाखालीं तो भाग चालेल अशा गाड्यांचीं नांवें व वर्षें. जुन्या भागांच्या बाजाराला हा जणूं पंचांगच मिळाला. मुहूर्त पाहावा तशी मापांची जुळणी त्यांत पाहण्याची सोय झाली.

दुसऱ्या महायुद्धानें या तत्त्वाची दोन टोकें एकाच वेळीं दाखविलीं. जीपगाडी विलिस आणि फोर्ड अशा दोन कारखान्यांनीं एकाच नकाशावरून बनविली. युद्धकाळांत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या गाडींत बसावा ही सैन्याची अट होती. फोर्डनें आपल्या भागांवर, अगदीं बोल्टाच्या डोक्यांवरसुद्धां, आपलें ‘एफ’ हें आद्याक्षर उठविलें, तरी भाग मात्र दोहोंकडे चालत. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत लष्कराच्या शिलकी मालाची जी विक्री झाली, तींत पुष्कळ जीपगाड्या खाजगी हातीं आल्या. एका गाडीचे भाग दुसरीला लावून त्या वर्षानुवर्षें चालविल्या गेल्या, त्याचें श्रेय रणांगणासाठीं घातलेल्या त्या अटीला आहे. दुसऱ्या टोकाला ब्रिटन व अमेरिका हीं दोन मित्रराष्ट्रें होतीं. यांचे आटे वेगळे, त्यामुळें एकाच्या यंत्रासाठीं दुसऱ्याला निराळे नट-बोल्ट, निराळे पाने आणि निराळे साठे समुद्रापार वाहून न्यावे लागले. हा अनुभव इतका महाग पडला कीं १९४८ सालच्या नोव्हेंबरांत ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं वॉशिंग्टन येथें एकत्र येऊन ६० अंशांची एक संयुक्त पद्धति मान्य केली.

करार एका दिवसांत होतो. गाड्या मात्र रस्त्यावर वर्षानुवर्षें राहतात. म्हणून त्या काळांतील इंग्रजी गाड्यांत जुने व नवे आटे शेजारीं शेजारीं आढळतात. मॉरिस कंपनीची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. पहिल्या महायुद्धांत हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें कारखाना घातला होता. त्यांतील यंत्रसामग्री मिलिमीटरच्या मापाची होती. युद्धानंतर मॉरिसनें तेथून इंजिनें घेण्यास सुरुवात केली आणि १९२३ सालीं तो कारखानाच विकत घेतला. आटे मिलिमीटरचेच राहिले. परंतु इंग्रज मिस्त्रीच्या पेटींतले पाने लागावेत म्हणून बोल्टांचीं डोकीं मात्र इंग्रजी मापाचीं ठेवण्यांत आलीं. तेव्हां पाना लागला म्हणून बोल्ट इंग्रजी आहे असें समजणारा फसला. बोल्टाची ओळख डोक्यावरून नव्हे, तर आट्यांवरून पटते, हें ज्ञान अनेकांना इंजिनाचा ठोकळा बिघडविल्यानंतर झालें.

भारतांतील मोटारींच्या इतिहासांत नांव आणि माप यांचा हा विरोध ठळकपणें दिसतो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या. डॉज किंग्जवे, प्लायमाउथ सॅव्हॉय आणि डीसोटो डिप्लोमॅट अशीं तीन भारदस्त नांवें. आंतली गाडी बव्हंशीं एकच. पुढें याच कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघूं लागली. तीच पुढें प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि शेवटीं पद्मिनी या नांवानें मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघर ओळखली गेली. मालकीणबाईंचें नांव बदललें, घर तेंच राहिलें. म्हणून डिलाइटच्या मालकाला पद्मिनीच्या मोडींतून पुष्कळ भाग मिळत. याच्या नेमकें उलट उदाहरण हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसेडरचें. १९५७ पासून २०१४ पर्यंत नांव तेंच आणि चेहराही जवळ जवळ तोच. पण १९९२ सालीं जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंग्रजी वळणाच्या इंजिनाशेजारीं इसुझू या जपानी कंपनीचें १८१७ घनसेंटिमीटरचें इंजिन आणि पांच गतींची गिअरपेटी आली. ‘ॲम्बॅसेडरचा क्लच द्या’ ही मागणी तेव्हांपासून अपुरी ठरली. कोणत्या इंजिनाची, हें विचारल्यावांचून शहाणा दुकानदार फळीवर हात टाकीत नसे.

येथवरचा इतिहास नव्या भागांचा आहे. वापरलेल्या भागाची आणखी एक कहाणी असते. कारखान्यांतून निघतांना भागाला जें माप असतें, तें त्याच्या आयुष्यांत बदलतें. सिलिंडर झिजला म्हणजे तो मोठा करून घेतात आणि त्यांत वीस किंवा चाळीस हजारांश इंचांनीं मोठे पिस्टन बसवितात. क्रँकच्या दांड्याला चरे पडले म्हणजे तो घांसून दहा-दहा हजारांश इंचांच्या पायऱ्यांनीं बारीक करतात आणि त्या मानानें जाड बेअरिंगें घालतात. असा क्रँक मूळ पुस्तकाप्रमाणें योग्य गाडीचा असूनहि, पुस्तकांतील बेअरिंगें त्याला ढिलीं होतात. जुना भाग हा ज्या गाडीचा असतो तिच्याइतकाच, तो ज्या हातांखालून गेला त्यांचाहि असतो. म्हणून केवळ क्रमांक जुळणें हें पुरेसें नसून, मायक्रोमीटर लावून त्याचें आजचें माप घ्यावें लागतें. क्लचच्या तबकडीच्या मध्यभागीं असलेल्या खांचा मोजाव्या लागतात. डायनामो सहा व्होल्टचा कीं बारा व्होल्टचा, आणि गाडीचा सांगाडा विजेच्या धन टोंकाला जोडलेला कीं ऋण टोंकाला, हें पाहावें लागतें. जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोंक सांगाड्याला जोडण्याची चाल होती. तेथें उलट जोडणीचें यंत्र लावलें तर तें पहिल्याच दिवशीं जळूं शकतें.

ज्या वस्तूंच्या बाबतींत मापाचें राज्य सार्वभौम झालें, त्यांतली एक म्हणजे बॉल बेअरिंग. ६२०५ हा अंक बेअरिंगवर कोरलेला असला, तर तें स्वीडनचें असो, जपानचें असो वा भारताचें, आंतील भोंक २५ मिलिमीटर, बाहेरील व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असणारच. शेवटच्या दोन अंकांना पांचानें गुणलें कीं भोंकाचें माप निघतें. हॉल आणि नॉर्थ यांनीं दोन कारखान्यांपुरतें जें साधलें, तें येथें जगापुरतें साधलेलें आहे. परंतु मोटारीचे सर्वच भाग असे झाले नाहींत, आणि होणारहि नाहींत. कारण प्रत्येक कारखानदाराला आपल्या गाडीचें निराळेपण हवें असतें आणि आपल्याच भागांचा खप हवा असतो. १९८१ सालापासून अमेरिकेंत गाडीला सतरा अक्षरांकांची ओळख सक्तीची झाली आणि जगांत इतरत्रहि तशीच पद्धति रूढ झाली. नेमका भाग शोधण्यास तिची मोठी मदत होते. आधुनिक गाड्यांत मात्र एक नवी भिंत उभी राहिली आहे. इंजिनाचें नियंत्रण करणारी विजेची पेटी दुसऱ्या गाडींतून काढून आणली, तिचे सर्व बोल्ट व तारा जुळल्या, तरी पुष्कळदां गाडी सुरू होत नाहीं. कारण त्या पेटीच्या स्मरणांत पहिल्या गाडीची ओळख व किल्ली नोंदलेली असते. एका अर्थानें हें कानशीच्या काळाकडे परत जाणें आहे. भाग पुन्हां आपल्या एकाच जोडीदाराशीं बांधला गेला आहे. फक्त खूण आतां लोखंडावर कोरलेली नसून अदृश्य आहे.

अशा रीतीनें अडीच शतकांच्या खटपटीनंतरहि जुन्या बाजारांतील गिऱ्हाइकाला शेवटीं स्वतःच्या हातांनींच परीक्षा करावी लागते. ब्लांकच्या खणांतून जेफर्सन यांनीं भाग उचलले, ब्रुकलँड्स येथें परीक्षकांनीं ढीग मिसळला. दोन्ही ठिकाणीं भाग निवडण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे नव्हता, म्हणून त्या परीक्षेला किंमत होती. कागदांत गुंडाळलेला मोडका भाग घेऊन कुर्ल्याच्या दुकानांत उभा राहणारा मनुष्य नकळत त्याच परंपरेंतला परीक्षक असतो. दिवा, आरसा किंवा दाराची मूठ यांत त्याची चूक झाली तर थोड्या रुपयांवर निभावतें. ब्रेक, सुकाणूचा सांधा किंवा चाकाचे नट यांत झाली, तर तिची किंमत उतारावर, भरधांव गाडींत बसलेल्या माणसांना द्यावी लागते. तेथें नांवावर, रंगावर अगर गोड शब्दावर न जातां जो आटे मोजतो आणि माप लावून पाहतो, तो केवळ आपले पैसे वांचवीत नाहीं. आपल्या पाठीमागें बसलेल्यांचे जीवहि वांचवीत असतो.